दीड व्होल्ट

बरी, लँकशायर. कागदाची गिरणी, तळघर,
नोव्हेंबर बासष्ट, रात्रपाळी.
दोनशे वीस व्होल्ट हवेत. दोनशे वीसच.
वरच्या मजल्यावर ओला कागद धावतो,
सायीसारखा. एखादा रूळ जरा पुढेमागे झाला
की टर्रकन फाटतो,
आणि शिव्या जिना उतरून आमच्याकडे येतात.

मोठा जनरेटर तसा मस्तवाल.
लोड वाढला की मान टाकतो, उतरला की उधळतो.
त्याची वेसण शेजारच्या ठेंगण्या यंत्राच्या हाती:
अँप्लिडाइन.
आधी मला हे पटलंच नव्हतं.
ब्रशांची एक जोडी मुद्दाम शॉर्ट केलेली!
कॉलेजात केलं असतं
तर गोगटे सरांनी प्रयोगशाळेबाहेर काढलं असतं.
इथे त्या शॉर्टमधूनच बळ येतं.
आत अर्धा वॅट, बाहेर दोन किलोवॅट:
कानात पुटपुटावं
आणि गावभर दवंडी पिटली जावी.

त्या रात्री कंट्रोल वाइंडिंग मी जोडलं.
दोन टोकं, दोन्ही काळी, खुणेचे बिल्ले गळून पडलेले.
अंदाजाने लावली.
स्विच टाकला. काटा चढला, दोनशे वीस,
थांबला नाही. अडीचशे.
जितका चढे तितकं त्याला आणखी चढ म्हणत होतं कुणी,
हुजऱ्यांच्या घोळक्यातल्या
संस्थानिकासारखं झालं त्याचं.
दोनशे नव्वदला थ्रेलफॉलने ब्रेकर ओढला.

अर्नेस्ट थ्रेलफॉल, फोरमन. तिशीपासून कानांना दडे;
यंत्राच्या अंगावर बोट टेकून ऐकणारा.
ओरडला नाही.
चहाचा मग फरशीवर ठेवला, टोकांची अदलाबदल केली.
"ह्याला हो म्हणणारा नको," म्हणाला,
"नाही म्हणणारा लाव."

काटा खाली आला. पण ठरेना.
दोनशे पंचवीस, चौदा, तेवीस, सोळा,
तापात कूस बदलत राहावी तसा.
इंग्रजीत ह्याला हंटिंग म्हणतात. शिकार.
कोण कोणाची, ते पुस्तकात नव्हतं.
चूक उशिरा कळते, मग जोरात दुरुस्त होते,
तोवर चूकच वेगळी झालेली असते.

कोटाच्या खिशात मिरजेचं निळं पत्र होतं.
अण्णांचा खोकला बळावला म्हणून मी पैसे पाठवले.
पोचले तोवर खोकला गेला होता.
मग रागाचं पत्र: एवढे कशाला?
पुढच्या महिन्यात मी हात आखडला,
आणि नेमका त्याच महिन्यात
त्यांना डोळा दाखवायचा होता.

थ्रेलफॉलने डँपिंगच्या पेटीचं झाकण काढलं.
ती व्होल्ट किती ते बघतच नाही,
किती घाईने बदलतायत तेवढं बघते.
स्क्रू पाव फेरा फिरवला. थोडा परत.
काटा दोनदा हलला
आणि दोनशे साडेअठरावर बसला.

"दीड व्होल्ट कमी आहेत," मी म्हणालो.
गेनच्या खुंटीकडे माझा हात गेलाच होता;
त्याने मनगट धरलं. बोटांना ग्रीसचा वास.
"त्या दीडावरच तर हे जगतंय.
तेवढी उणीव दिसते म्हणून ढकलतं.
ती पुसलीस तर ढकलेल कशाच्या जोरावर?"
मग मग उचलला. चहा गार झाला होता, तरी प्यायला.

लॉगबुकात मी लिहिलं: २१८.५. स्थिर.
शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला.
पहाटेपर्यंत वरून एकही शिवी आली नाही.

सकाळच्या बसमध्ये अण्णांना लिहायला घेतलं:
'ह्यापुढे दर महिन्याला सारखेच पाठवीन.
थोडे कमी पडतील.'
पुढचं वाक्य सुचेना.
समोरच्या सीटवर थ्रेलफॉल, डोळे मिटलेले,
खिडकीच्या काचेला एक बोट लावून
इंजिन ऐकत होता.